लाखात एकाची गाठ

डाव्या कानाखाली दोन बोटं ठेवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "लाखात एकाले होते जी हे." आमच्या कार्यालयातले हे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, ओळखायला तुम्हाला एवढं पुरे.

गाठ लिंबाएवढी होती. डॉक्टरकडे सोबत मीच गेले होते, कारण "मॅडम, तुमाले इंग्रजी रिपोर्ट समजते." सुई टाकून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "साधी चरबीची गाठ आहे, अपाय काही नाही. या जागी मात्र क्वचितच दिसते." बाबूंनी पहिलं वाक्य दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं आणि दुसरं तेवढं घेऊन कार्यालयात आले.

त्या दिवसापासून ते आजारी झाले. कूलरसमोरची खुर्ची त्यांची. तासाभरावरच्या अभनपूर कार्यालयाची दप्तर-तपासणी त्यांच्या वाट्याची, ती माझ्याकडे आली. दोन उन्हाळे मी तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर गेले. "डॉक्टर काय म्हणते, भैया?" असं कोणी विचारलं की ते छताकडे बघत. "आता काय सांगू!" सांगायला काहीच नव्हतं, तेवढं मात्र खरं.

मीही गप्प राहिले. भित्रेपणाला सभ्यपणा म्हणायची सोय आपल्याकडे आहेच.

एकदा ते रजेवर असताना कार्यालयातल्या कपाटाची चावी आणायला मी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेले. बाबू आत पलंगावर बसून तूप-पोळी आणि वांग्याची भाजी हाणत होते. स्वयंपाकघरात वहिनी नुसता भात पाण्यात कालवत होत्या.

"मंगळवार हाय न. अळणी खातो मी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, याहिच्या गाठीसाठी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे मले काही सांगत नाई. तुमी सोबत होत्या न, मॅडम? खरं सांगा, किती दिवस हायेत याहिचे?"

मी सांगून टाकलं.

"वहिनी, चरबी हाय ते. बस, चरबी. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगतलं याहिले, माह्यासमोर."

"हव?"

"हव."

त्या रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत.

आतून हाक आली, "लोणचं आण वं!"

वहिनींनी बरणी काढली, आंब्याची भली मोठी फोड स्वतःच्या भातावर घेतली आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. "बसा जी मॅडम. तुमीबी घ्या."

आतून पुन्हा हाक आली. आम्ही दोघी जेवत होतो.