जीवनलालची ताठ मान

जीवनलाल पटले गर्विष्ठ झाला, हे सगळ्यांत आधी समाजाच्या पुढाऱ्यांच्या, केवलरामजींच्या, लक्षात आलं. ते साहजिकच होतं. मान मिळतो की नाही, यावर त्यांच्याइतकी बारीक नजर आमगावच्या आसपास दुसऱ्या कोणाची नव्हती.

जीवनलाल साधा माणूस. थोडी धानाची शेती. गावात कोणाकडेही लग्न असलं की बुंदीची बादली मात्र त्याच्या हातात. पंगतीच्या मधून तो चालू लागला की कोणाला काही मागावं लागत नसे. पत्रावळीत काय संपलं ते त्याला आधीच दिसायचं. हीच त्याची कीर्ती. दुसरी काही नव्हती.

२००८च्या उन्हाळ्यात छोटेलालच्या पोराच्या लग्नात तो बादली घेऊन दोन ओळींच्या मधून सरळ निघून गेला. दोन्हीकडे हात वर होते. बँड जोरात होता, हाक ऐकू येत नव्हती. जीवनलाल समोर पाहत चालत राहिला. त्या हातांत एक केवलरामजींचा होता. समाजाच्या प्रत्येक सभेत माईक धरणारा हात. तो बुंदीसाठी वर झाला आणि रिकामा खाली आला.

मग गावाला बरंच काही आठवू लागलं. बाजूनं कोणी हात जोडले तर जीवनलाल बघत नाही. खांद्याला धडकतो आणि वर आपल्यालाच विचारतो, कुठून आला म्हणून.

"पोरगी बी.एड. झाली ना गा त्याची," छोटेलाल म्हणाला. "आता आपण कायले दिसू त्याले?"

छोटेलाल जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलत होता. जीवनलालला तो दिसतच नव्हता.

पण हे जीवनलाललाही माहीत नव्हतं. सारं गाव एका आवाजात बोलतं, म्हणजे असेल थोडा गर्व, असं त्याला वाटू लागलं. गर्व जावा म्हणून त्यानं सोमवारचा उपास धरला. पहिल्याच सोमवारी तो तुळशीवृंदावनाला धडकला.

बायकोला, तुलसाला, गर्वाचं कोडं पटेना. गर्विष्ठ माणूस लोकांना टाळील. हा ताटाच्या कडेला ठेवलेलं लोणचंही टाळत होता. ती त्याला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला समोर बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट आणलं.

"दिसलं की सांगा."

बोट आणखी पुढे आलं.

"अजून नाही दिसत?"

"काय, जी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नागपूरला पाठवलं. तिथं मशीनमधून फोटो निघाले. मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ वाढली होती. गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती, म्हणून दोन्ही बाजूंचं जग विझत चाललं होतं. कॅन्सर नव्हता. पण तशीच ठेवली तर समोरचंही जाईल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं.

"डोकं फोडान का?" तुलसानं विचारलं.

"नाही. नाकातून दुर्बीण घालून काढू."

जीवनलालनं आपलं नाक चाचपलं. एवढ्याशा वाटेनं मेंदूपर्यंत जाता येतं, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. नाकातला बोळा काढला त्या सकाळी तो उताणा पडून छताकडे बघत होता. डावीकडे खिडकी आहे, हे त्याला मान न वळवता कळलं. उजवीकडे तुलसा उभी होती. तीही कळली. रडू आलं तर नाक शिंकरता येणार नव्हतं, म्हणून तो रडला नाही.

घरी आल्यावर गाव बघायला आलं आणि निराश झालं. डोक्यावर केस जागच्या जागी. केसांना तेलसुद्धा.

"टाके कुठं हायेत?" छोटेलालनं विचारलं.

टाके मांडीला होते. गाठ काढलेल्या जागेचं भोक बुजवायला मांडीची चरबी घेतली होती. जीवनलालनं लुंगी बाजूला करून दाखवलं.

"बिमारी डोक्याची अन् टाके मांडीले! बनवलं गा तुले नागपूरवाल्यानं."

त्या आठवड्यात केवलरामजी चार माणसं घेऊन आले. ओसरीतल्या खुर्चीवर बसले आणि पाय जरा पुढे केले.

"पाया पड, जीवनलाल. मागचं सारं माफ करून टाकतो."

"वाकायले मना हाये, काकाजी," तुलसा आतून धावत आली. "आतलं बूच सुटलं तर मेंदूचं पाणी नाकातून गळते म्हणते. डोळे बी जातीन, जीव बी जाईन."

"कोण म्हणते?"

"डॉक्टर."

"डॉक्टरले आपल्या समाजाचं काय माहीत?"

"अर्धाच वाक ना गा," छोटेलालनं तोड काढली.

इतक्या वर्षांची सवय. जीवनलालची मान थोडी खाली गेलीच. नाकामागे काहीतरी जड झालं. त्याच क्षणी त्याला बाजूनं तुलसाचा हात येताना दिसला. त्याला धरायला येणारा, बांगड्यांसकट, स्पष्ट. तो हात पुन्हा दिसेनासा होऊ द्यायचा नव्हता. तो सरळ झाला.

"मी नाही वाकत, काकाजी. तुम्हीच पाय वर आणा ना, जी."

ओसरीच्या कोपऱ्यात धानाच्या पोत्यांची थप्पी होती. केवलरामजी भडकतील, असं सगळ्यांना वाटलं. केवलरामजींनी थप्पीकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मान हवा असेल तर तो आता वर होता. त्यांनी चपला काढल्या.

छोटेलालनं खालून टेकू दिला. वर पोचल्यावर छपराचे फाटे डोक्याला लागले, म्हणून केवलरामजींना मान खाली घालून उभं राहावं लागलं. जीवनलाल ताठ उभा राहिला आणि छातीच्या उंचीवर आलेल्या पावलांना त्यानं दोन्ही हात लावले.

"सुखी राहा," वरून आशीर्वाद आला. तेवढ्यात पायाखालचं एक पोतं घसरलं.

"उतरव ना गा मले."

"वजन उचलायले बी मना हाये, काकाजी," जीवनलाल म्हणाला.