पलंगाचं दार

माझा जन्म पडवीत झाला, असं आमच्या घरात सांगायची पद्धत होती. मी दर वेळी ते दुरुस्त करत आले. पडवीत नाही, खोलीत. मोठ्या आईच्या खोलीत. ही खोली तिला कोणी दिली नव्हती, म्हणून त्या खोलीला पडवी म्हणण्याचा हक्कही कोणाला नाही.

किन्हीराजा गावातलं आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. त्याच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, छप्पर टाकलेली एक पडवी होती, पुढून सताड उघडी. तिचा उपयोग हिवाळ्यापुरता. दिवाळी झाली की घरातली माणसं सकाळी तिथं ऊन खायला बसत. बाया तिथंच गोधड्या शिवत, एकमेकींच्या डोक्याला तेल लावत. होळी झाली की तेच ऊन सोसवेनासं व्हायचं, आणि पावसाळ्यात वाछट थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचायची. तेव्हा तिथं कोंबड्या आणि मोडकी अवजारं राहत.

सोजरबाई, म्हणजे माझी मोठी आई, ही बाबांची पहिली बायको. कितीतरी वर्षं गेली, तिला मूल झालं नाही. मग आमच्या बाबांनी, उकंडरावांनी, दुसरं लग्न केलं. त्या काळी अशा माणसाला कोणी नावं ठेवत नसे. मी ठेवते.

लग्न मार्गशीर्षातलं. नवी नवरी अंजना, म्हणजे माझी आई, दारात आली तेव्हा आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, रंगूबाईने, सोजरबाईला बाजूला घेतलं. म्हणाली, "तू थोडा वेळ पडवीत जाऊन बस व. नवरीच्या पहिल्या पावलाले तुई नजर नोको."

सोजरबाई गेली आणि बसली. नवरी घरात आली, पंगती उठल्या, पाहुणे पांगले. मग आजी पडवीच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "झालं आता, आत ये."

"बसवलं तुमीच, आत्याबाई," सोजरबाई म्हणाली. "आता बसली तं बसू द्या."

त्या दिवशी तिला इतका अपमान वाटला होता, की ती उठली असती तर कोणाच्या तरी अंगावर धावून गेली असती. हे तिनेच मला सांगितलं. उठायचं नाही म्हणून ती बसून राहिली, आणि बसल्याबसल्या तिला कळलं की इथं आपल्याला बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तिने तीन दगड मांडून चूल केली. शेतात ती सगळ्यांबरोबर राबत होती, त्यामुळे आपल्या वाट्याची ज्वारी ती घरातून खालमानेने नाही, ताठ मानेने आणायची. गाव हसलं. हिवाळ्यात तिथं कोणीही राहील, होळी येऊ द्या, मग पाहू, असं जो तो म्हणायचा. आजीला तर खात्रीच होती. बाबा मधूनमधून यायचे, आत ये म्हणायचे आणि हात हलवत परत जायचे.

होळीच्या आधी सोजरबाईने माहेरी निरोप धाडला. तिचा भाऊ जगदेव मालेगावहून गाडी घेऊन आला, बाभळीचे खांब आणि पांढरी माती भरून. पुढच्या उघड्या बाजूला तुराट्यांचा कूड उभा राहिला. सोजरबाईने तो दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपला. तुराट्यांचं छप्पर उतरवून खांबांवर धाबं घातलं. खाली मुरूम चोपून जमीन हातभर उंच केली. पण पूर्वेचं ऊन तिने बंद केलं नाही. कुडात दोन मोठी भोकं ठेवली, त्यांना वर उचलायची झडपं करायची होती. दारही करायचं होतं. लाकूड नव्हतं.

लाकूड घरात होतं. सोजरबाईच्या लग्नात तिच्या बापाने सागवानी पलंग दिला होता. आता त्यावर नवं जोडपं झोपत होतं. बाबा शेतात गेलेले पाहून ती घरात गेली, पलंगावरची गोधडी उचलून घडी करून बाजूला ठेवली आणि जगदेवला म्हणाली, "उचल." भरदिवसा, अंगणात, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत तिने देवला सुताराकडून त्या पलंगाचे तुकडे करवले.

बाबा आले तेव्हा देवलाची करवत चालूच होती.

"पलंग मोडला?" बाबा म्हणाले.

"मोडला कायले? त्याले कडी लावून राह्यली मी."

पलंग सासऱ्याचा, साळा समोर उभा. शेवटी बाबा म्हणाले, "पाऊस येऊ दे. पाऊस आत आला, का तू बी घरात येशील."

"येईन," ती म्हणाली. "अन् नाही आला तं मले पुन्हा आत ये म्हणायचं नाही."

आता मागे फिरायची सोय राहिली नाही. उन्हाळा तिने रेटला. कुडाबाहेर मांडव घालून घरच्या मोरीचं पाणी तिकडे वळवलं आणि दोडक्याचे वेल चढवले. वैशाखात झडपांपुढे सावली झाली. हिवाळ्यात वेल वाळून जायचे आणि ऊन पुन्हा आत यायचं. झडपांवर ओलं गोणपाट टाकून दुपारी ती आत झोपायची, आणि आजी घरातून पदराने वारा घेत तिच्या नावाने बोटं मोडायची.

पहिल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात टपटप झालीच. सोजरबाईने तिथं घमेलं ठेवलं, वर फडकं टाकलं आणि आलेल्या-गेलेल्याला सांगितलं की मूग भिजवलेत. उघडीप मिळताच धाब्यावर चढून तिने मातीचा आणखी थर चोपला. ही लबाडी झाली, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ज्याने दुसरी बायको आणली त्याच्याशी मुगाएवढं खोटं बोलायला हरकत नसावी. पुन्हा काही ती खोली गळली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या आईचे दिवस भरले, आणि नेमकी झड लागली. उघडायचं नावच घेईना. मोठं घर चारी बाजूंनी गळायला लागलं. गळणारच. दर ज्येष्ठात त्या धाब्यावर चढून माती चोपणारी बाई सोजरबाई होती, आणि ती गेल्यावर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं की हे काम कोणीतरी करत होतं. बाळंतिणीची खाट जिथं हलवावी तिथं पाणी. बेबीबाई सुईण म्हणाली, "अशा ओलीत लेकरू नाही जगत. कोरडी जागा पाहा."

कोरडी जागा गावाला माहीत होती. आजी भिजत सोजरबाईच्या दारात आली.

"खोली दे," ती म्हणाली. "अन् तू गोठ्यात जाय. बाळंतिणीवर वांझेची सावली नोको."

सोजरबाई दारात उभी राहिली. "एकदा थोडा वेळ बस म्हणलं, बसली. आता उठ म्हणता, तं उठत नाही. खोली घ्या, पण मी खोलीत राहीन. नाहीतर तुमच्या गळत्या घरात होऊ द्या."

आजी शिव्या देऊ लागली. बाबा मागे उभे होते. तेवढ्यात माझी आई बेबीबाईच्या खांद्याला धरून, वाकून, कळा देत पावसातून चालत आली. सासूला ओलांडून ती थेट सोजरबाईसमोर थांबली.

"बाई, मी आत येऊ?" तिने विचारलं.

त्या घरात सोजरबाईला आत येऊ का असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तिने आईचा हात धरला, आत घेतलं आणि चुलीत लाकडं सारली. मी दिवस मावळायच्या आत जन्मले. नाळ बेबीबाईने कापली, पण मला पहिल्यांदा हातात घेतलं ते सोजरबाईने. पोरगी आधी बाईंच्या हातात द्या, असं आईनेच मुद्दाम, आजीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं.

मग बाबा दाराशी आले. अंगावरून पाणी गळत होतं. माझ्याकडे पाहिलं, सोजरबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोजर, झालं गेलं जाऊ दे. पोरगी तुई बी हाये. आता तरी आत ये."

सोजरबाईने मला पदराखाली घेतलं.

"मी आतच हाये," ती म्हणाली. "बाहेर तुमी हाये. पाय पुसून या, नाहीतर दार लावा. पोरीले हवा लागून राह्यली."