चौथी जागा

ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला माहीत आहे, तो प्रश्न आपा मुलांना कधी विचारत नसत. प्राथमिक शाळेत जन्म काढलेल्या कुणाही मास्तराला हे वाचून हसू येईल. मलाही आलं होतं. आम्हा मास्तर लोकांचा सगळा संसारच माहीत असलेल्या उत्तरांवर चालतो. दोन अधिक तीन किती, गाईच्या पिल्लाला काय म्हणतात, आपल्या जिल्ह्याचं नाव काय. पोरगं बरोबर बोललं की शाबास, चुकलं की बस खाली. आपा म्हणायच्या, "सर, मला ठाऊकच आहे तर त्या लेकराला कशाला छळू? विचारायचं तर मदत मागायला विचारावं."

नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या पुढे आत गेलं की एक पाडा लागतो. तिथल्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि आपा पहिली-दुसरी सांभाळत. नवापूरच्या पिंजाऱ्याची ही मुलगी. हजेरीपत्रकात त्यांचं भलंमोठं नाव होतं, पण पोरं, त्यांचे आईबाप, अगदी तपासणीला येणारे साहेबही आपाच म्हणत. रोज काळीपिवळीत कोंबून घेऊन यायच्या आणि शेवटचा नाला चपला हातात धरून ओलांडायच्या. मी सारंगखेड्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. पाड्यावरची मावची बोली मला पाच वर्षांत धड आली नाही. आपांना सहा महिन्यांत आली, कारण त्या पोरांकडून शिकायला लाजत नसत. त्यांचा उच्चार चुकला की अख्खी पहिली खदखदून हसायची आणि आपाही त्यात सामील व्हायच्या.

शनिवारी शाळा सुटली की व्हरांड्यात त्यांचा एक जादाचा तास चाले. पाच-सहाच पोरं, सगळी सहा-सात वर्षांची. कोणाला घ्यायचं हे त्या मार्कांवरून ठरवत नसत. स्वतःचं काम चटकन आटपून शेजारच्याचं बिघडवणारं पोर त्या बरोबर हेरत. मी एकदा थट्टेने म्हणालो, "आपा, जी पोरं आपणहून शिकतात त्यांना आणखी काय शिकवता? इथे निम्म्यांना बाराखडी येत नाही!" त्या म्हणाल्या, "बाराखडीवाल्यांना पाच दिवस देते ना? पण ज्याची भूक मोठी त्याला एक भाकरी जास्त वाढली तर त्यात लाड कसले हो? उपाशी पोरगं वर्गात स्वस्थ बसतं का कधी?"

आणि त्या तासात शिकवणं असं काही नसेच. त्यांचे वडील गाद्या भरायचे. कापूस दाबून दाबून भरला की गादीचा दगड होतो, मोकळा ठेवला की वर्षानुवर्षं मऊ राहते, असं ते सांगायचे म्हणे. आपांनी ते पोरांना लावलं. एखादा प्रश्न टाकायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या.

एका शनिवारी त्यांनी विचारलं, "आपल्या अंगणातल्या चिंचेला पानं किती असतील?" पोरं ओरडली, शंभर! हजार! जमनी नावाची एक काटकुळी पोरगी होती दुसरीत, ती काहीच बोलली नाही. पुढच्या शनिवारी ती एक डहाळी आणि ओटीत खडे घेऊन आली. एका काडीला पानं किती ते खड्यांनी मांडून दाखवलं. मग डहाळीला काड्या किती, फांदीला डहाळ्या किती, झाडाला फांद्या किती. तिला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं. "सगळी मोजायची नाहीत," ती मावचीत आपांना म्हणाली, "एकच नीट मोजायची." आपांनी फळ्यावर गुणाकार केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, बरोबर आलं का?"

"मला काय ठाऊक बुवा!"

"चला, म्हणजे आज आपण सगळे एकाच वर्गात," असं म्हणून त्या मनापासून हसल्या. खोटं कशाला बोलू, सात वर्षांच्या पोरीचं डोकं असं चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. माझी गौरी त्याच वर्गात होती. मी स्वतःची मुलगी पाड्यावरच्या शाळेत घातली म्हणून तालुक्यात माझं फार कौतुक व्हायचं. गौरी चांगली होती, अक्षर मोत्यासारखं, कविता तोंडपाठ. पण चिंचेखाली बसून पानं मोजायचं तिला सुचलं नव्हतं.

त्याच वर्षी तालुक्याला हुशार मुलांसाठी खास वर्ग निघाला. दुसरीतली पोरं निवडायची आणि चौथीपर्यंत नवापूरला वसतिगृहात ठेवायची. वेगळे शिक्षक, प्रयोगांची खोली, हवी तेवढी पुस्तकं. आमच्या शाळेच्या वाट्याला तीन जागा आल्या. दोन मुलांबद्दल वादच नव्हता. तिसरी जमनीची, असं आपांनी धरून ठेवलं होतं. जमनीचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि पोरीला बरोबर न्यायचे. आपा चार वेळा त्यांच्या खोपटात जाऊन बसल्या. शेवटी बाप म्हणाला, "वसतिगृह मिळालं तर ठेवू. नाही मिळालं तर पोरीला एकटी कोणाकडे टाकू?" सगळं त्या एका जागेवर अडलं होतं.

घरी बायकोने विषय काढला. "आपली पोर कोनापेक्षा कमी शे का? तुमनाच हातमा शे ना सगळं?" मी तिच्यावर खेकसलो. पण खेकसणाऱ्याच्या मनात आधीच काय असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

चाचणी मुख्याध्यापकाने घ्यायची होती, वर्गशिक्षकाने बाहेर थांबायचं. माझ्या हातात छापील कागद, त्यावर दहा प्रश्न आणि शेजारी उत्तरं. शेवटचा प्रश्न मात्र परीक्षकाच्या मर्जीचा होता आणि सगळ्यात जास्त गुण त्यालाच होते. सकाळी आपा मला म्हणाल्या होत्या, "सर, जमनी त्या नऊ प्रश्नांना बोलणार नाही, आत्ताच सांगते. यांच्या घरी माहीत असलेली गोष्ट कोणी विचारत नाही. विचारलीच तर पोराला वाटतं, आपली मजा करतात. शेवटी तिला असं काहीतरी विचारा जे तुम्हाला खरंच ठाऊक नाही. मग बघा पोरगी!"

जमनी समोर येऊन बसली. मी गाईचं चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय आहे? तिने चित्राकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गप्प. नऊही प्रश्नांना गप्प. आता दहावा. मला काहीही विचारता आलं असतं. या खोलीच्या छपराला कौलं किती, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. ते मलाच ठाऊक नव्हतं. मी कागदावर लिहिलं, "प्रतिसाद नाही," आणि म्हणालो, "जा."

तिच्यानंतर गौरी आली. दहावा प्रश्न तिला मी आदल्या संध्याकाळी घरी पढवून ठेवलेला विचारला. ती पोपटासारखी बोलली. मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली सही केली. वाईट म्हणजे तिला वसतिगृहाची गरजही नव्हती, आम्ही नवापूरला खोली घेणारच होतो.

यादी लागली तेव्हा आपांनी ती दोनदा वाचली. "बरं," एवढंच म्हणाल्या. मी दहा सबबी तयार ठेवल्या होत्या, एकही लागली नाही. मग त्यांनीच मला सांगितलं, "जमनी बाहेर येऊन मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, सरांच्या हातात उत्तरं होती, तरी मलाच विचारत होते." हे सांगताना त्या हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

दिवाळीनंतर ट्रक आला. भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि त्यावर जमनी. आपा नाल्यापर्यंत गेल्या होत्या. मी कार्यालयात शालेय पोषण आहाराची माहिती भरत बसलो होतो. त्या माहितीची काही तातडी नव्हती. होळीला जमनी परत आली, पण पुढच्या वर्षी पाठच्या भावाला सांभाळायला म्हणून उसाच्या फडावर गेली, आणि चौथीनंतर शाळेचं नावच सुटलं. आपा तिच्यासाठी दरवर्षी त्या खोपटात जात राहिल्या. मी एकदाही गेलो नाही.

दोनेक वर्षांपूर्वी नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीवर ओळखीच्या माणसाकडे गेलो होतो. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई अंड्यांचे ट्रे रचत होती. मालक म्हणाला, "ही सकाळी शेडमधून एक चक्कर मारते आणि आज किती ट्रे निघतील ते सांगते. चार-दोनाचा फरक पडला तर शप्पथ!" तिने मला ओळखलं. "सर, बरे का? गौरी शिकते का अजून?" मी म्हणालो, शिकते. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काही म्हणजे काही नव्हतं, आणि तेच मला सोसेना.

आपा आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गौरी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर "माशाल्ला!" म्हणाल्या, अगदी मनापासून. मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. "आपा, त्या दिवशी दहावा प्रश्न मी जमनीला विचारलाच नाही."

"ठाऊक आहे मला. दाराबाहेरच तर उभी होते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? तक्रार का नाही केलीत?"

"काय बोलू? पोरगी तुमची. बापाचं काळीज कच्चं असतं, सर." त्यांनी दम घेतला. "पण एक सांगू? तुम्ही मला आधी नुसतं म्हणाला असतात ना, आपा, माझ्याही पोरीला पाठवायचंय, तर मी चौथी जागा मागून आणली असती. रस्त्यापलीकडच्या शाळेने आणली. त्यांचे मास्तर जाऊन साहेबांसमोर बसले आणि साहेबांनी देऊन टाकली."

नातसून चहा ठेवून गेली. मागायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या लेकराच्या ताटातलं उचलायचं तेवढं बरोबर सुचलं.

दोन महिन्यांनी आपा गेल्या. पाड्यावरून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. जमनीही आली होती, कडेवर पोर घेऊन, आणि रडत होती. मी लांब, एका भिंतीच्या कडेला उभा राहिलो.

गौरीचा फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, आपांवर लिहा ना. त्यांनी माझी निवड केली नसती तर मी इथपर्यंत आले नसते." मी हो म्हणालो. त्याला आठ महिने झाले, रोज कागद पुढे घेतो आणि रोज उठतो. आता लिहून झालंय. गौरी, आपांनी तुझी निवड केली नव्हती. ती जागा जमनीची होती, हे मला त्या दिवशी ठाऊक होतं, आणि तरी मी ती तुला दिली.