आप्पांच्या बोअरचं पाणी

“आटीव गं अजून, निम्मं हू दे. बाळंतिणीचं पाणी हाय, ताकद याला नगो?” आप्पा चुलीपाशी उभं राहून मोठ्या आईला सांगत होते आणि मी पडवीत दात आवळून बसले होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मोठी आई त्यांची बायको. स्वतःच्या बोअरच्या पाण्यावर इतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या सीमाभागात दुसरा सापडायचा नाही. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं त्यांचं गाव. अंगणात बोअर मारताना मुरूम संपला, काळा खडक लागला, शेजारी म्हणाले नाद सोडा. पण आप्पांनी बोअरची गाडी थांबू दिली नाही. पाणी लागलं ते थेट खडकाच्या पोटात. तेव्हापासून दारात येणाऱ्याला आधी पाणी, मग नावगाव. पिऊन होईतोवर समोर उभे राहतात आणि विचारतात, “कसं हाय?” ‘गोड’ म्हटल्याशिवाय सुटका नाही. “वरनं कर्नाटक असंल, पर खडकाखालनं पाणी महाराष्ट्रातनंच येतंय,” असं ते वीजबिल घेऊन येणाऱ्या कन्नड माणसालाही ऐकवतात. तो बिचारा “हौदु, हौदु” म्हणतो, कारण नाही म्हटलं तर दुसरा तांब्या येतो. लग्नाला जातानाही त्यांचा कॅन बरोबर. निपाणीच्या एका कार्यालयात ते पंगतीत पाणी वाढत फिरले, तर नवऱ्याकडच्यांनी त्यांना वाढपी समजून मठ्ठा मागितला. आप्पांनी तोही आणून दिला आणि वर सांगितलं, “माझ्या पाण्यात घुसळला असता तर बोटं चाटला असता.”

गल्लीत नळ आहे. नदीचं, तपासून सोडलेलं पाणी येतं. ते आप्पांनी म्हशीला ठेवलंय.

मी शहरात, अनगोळला परत निघाले की माझ्या पिशवीत त्यांच्या बाटल्या असायच्याच. मला नको म्हणता येत नाही. मोठ्यांपुढं मला फारसं काहीच म्हणता येत नाही. “इंग्लिश शाळंत फी भरून पोरगी मुकी केली,” असं आप्पा सगळ्यांदेखत म्हणतात. उद्यमबागेत माझ्या कंपनीच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला चाललं होतं, त्याच्याबरोबर मी त्यांचीही एक बाटली दिली. पाणी उत्तम आहे असं कागदावर आलं की आप्पा किती फुगतील, एवढाच माझा विचार होता.

पाण्यात आर्सेनिक निघालं. मर्यादेच्या कितीतरी वर. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा बाटली दिली, तेच आलं. तिथल्या बाई म्हणाल्या, कुणी घातलेलं नाही, कुठल्या कारखान्याचं नाही, खडकातच असतं, तिथून पाण्यात उतरतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. जुनी माणसं सोमल म्हणतात, त्याच जातीचं विष. वर्षानुवर्षं पोटात गेलं की मग दिसायला लागतं.

मी सांगितल्यावर बाबांनी आप्पांना फोन केला. पलीकडून आप्पांचा आवाज आला, “आर्सेनिक? आरं, कोरोनात त्येच्याच गोळ्या वाटत हुते की! लोकं रांगा लावून घेत हुती. आमच्यात अंगणात गावतंय!”

बाबा हसले. “थोरला हाय, त्याला काय बोलायचं?” म्हणाले आणि फोन ठेवला.

मीही हसले असते. पण आप्पांची मुलगी, आमची आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीला उकळलेलं पाणी द्यायची रीत आहे. आप्पांनी त्या रीतीत सुधारणा केली. नुसतं उकळायचं नाही, बासुंदीसारखं आटवायचं. “उकाळल्यावर जंतू मरत्यात, मग तुझं आर्सेनिक काय अमर हाय व्हय?” असं त्यांनी मलाच विचारलं. ते जंतू नाही, आप्पा. पाणी वाफ होऊन जातं आणि ते तिथंच राहतं. तांब्याभर पाण्यातलं सगळं त्या पेल्यात येतं. हे मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ते लाकूड सारायला गेले होते.

खडकावर काय रागवायचं? मला राग आला होता तो ‘गोड, गोड’ म्हणून तांब्या रिकामा करणाऱ्या सगळ्या पाहुण्यांचा. थोरल्यांना बोलायचं नसतं असं शिकवून मोकळ्या झालेल्या घराचा. आणि सर्वांत जास्त आप्पांचा, कारण कुणाचं ऐकायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

पेला फडक्यात धरून ते आक्काच्या खोलीकडं निघाले. बोटं भाजत होती तरी खाली ठेवत नव्हते. बाळ जागं होईल म्हणून चपला दाराबाहेर काढल्या, पाण्यावर हळूच फुंकर घातली. इतकं जपून चाललेला माणूस मी पाहिला नव्हता. त्याच्या आड जायचं म्हणजे कुणाच्या तरी मायेलाच आडवं जायचं. मी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले.

“सर गं बाजूला, निवंल,” आप्पा म्हणाले.

“आप्पा,” मी म्हणाले, “आजवर तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. आता ठाऊक आहे. आता हे तिला पाजलंत, तर मी तुम्हाला परत कधी आप्पा म्हणणार नाही.”