दुसऱ्या मुठीची ज्वारी

अमरावतीत मी शिकवतो त्या शाळेत तार आली. शिपायानं ती वर्गाच्या दारातूनच पुढे केली आणि खरं सांगतो, मी ती हसतच फोडली. मला वाटलं, मावशीनं अकोल्याहून गाडीची वेळ कळवली असेल. शनिवारी ती येणार होती. मी तिला बडनेऱ्याला उतरवून घेणार होतो आणि तिथून छकड्यानं भातकुलीला नेणार होतो, माझ्या मायकडे, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीकडे. तारेत गाडीची वेळ नव्हती. रूथबाई आज सकाळी वारल्या, एवढीच इंग्रजीतली ओळ होती. भातकुलीच्या माळ्यांत पहिला बी. ए. झालेला माणूस मी, आणि ते सांगायला मी कधी लाजत नाही. पण ती एक ओळ मला कळेना. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र लागत नव्हता. आज काही आठवडे झाले, तार खिशात ठेवून ठेवून घडीवर फाटली, तरी मधूनच वाटतं की आपल्याच वाचण्यात काही चुकलं असेल…

मावशीचं माहेरचं नाव गंगू. अचलपूरच्या माळ्याची धाकटी लेक. लग्न होऊन वर्ष सरलं नाही तोच नवरा पटकीत गेला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्याला कोणी नाक मुरडत नाही. पण घरच्यांनी जो माणूस शोधला त्याची नातवंडं गंगूच्या वयाची होती. ती नाही म्हणाली. तेव्हाच्या अचलपुरात माळ्याची पोरगी नाही म्हणते म्हणजे काय, हे आज शहरातल्या लोकांना सांगून कळायचं नाही. ती मिशनच्या दवाखान्यात झाडलोटीला गेली, तिथेच शिकली, तिथेच तिनं बाप्तिस्मा घेतला आणि रूथ झाली. बातमी घरी पोचली त्या दिवशी आजोबांनी सगळ्या कुटुंबाला नदीवर नेलं. तिच्या नावाचं मडकं फोडलं. तिच्या नावाची आंघोळ केली. जिवंत लेकीची! भातकुलीहून माझ्या मायला खास बोलावून घेतलं होतं. माय सांगायची, पाणी इतकं गार होतं की दात वाजत होते, आणि दात वाजतात म्हणून बरं होतं, कारण त्यात कोणाचं रडणं ऐकू आलं नाही. एवढंच सांगायची. पुढचं कधी नाही.

मला ती भेटली अमरावतीत. मी कॉलेजात होतो आणि इंटरला नापास झालो होतो. गावात माझ्या काकांनी आधीच सांगून ठेवलेलं की पोरगा साहेब होणार, आणि साहेब आता निकालाच्या फळ्यासमोरून हलत नव्हते. घरी कोणत्या तोंडानं जाऊ म्हणून बाजारात उगीच हिंडत होतो, तेव्हा पांढऱ्या लुगड्यातल्या एका बाईनं माझा रस्ता अडवला. हातात मेथीच्या जुड्या. म्हणाली, "तू भातकुलीचा नं? आक्काचा पोरगा?"

"तुम्ही कोण?"

"नाक तेच हाय. अन् वाकडं करायची रीतबी तेच. मी तुही मेलेली मावशी."

ती तेव्हा मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होती. मला सरळ तिथल्या मळ्यात घेऊन गेली. मुलींनी कांद्याची लावणी करून दोनच दिवस झाले होते. वाफ्यातली रोपं पिवळी पडून आडवी झाली होती. "हे पाह्य," ती म्हणाली, "मेली का जगली?" मी माळ्याचा पोरगा. म्हटलं, जगली, अजून मूळ धरायची आहेत. "कशावरून?" म्हटलं, लावणीनंतर रोप मान टाकतंच. "मंग तू काहून रडून राहिला? तुले गावातून उपटलं अन् इथं लावलं. मान टाकली तं टाकली. पण जगलं का नाही म्हणून कोणी रोप उपटून पायते का? पाणी द्या अन् थांबा." मग तिनं तिथेच, चिखलात उभ्या उभ्या, डोळे मिटून प्रभूला माझं नाव सांगितलं. मोठ्यानं. मुली पाहत होत्या, मला लाज वाटली. मी म्हणालो, मावशी, मी ख्रिस्ती नाही. डोळे न उघडता ती म्हणाली, "त्याले तुहं नाव सांगून राहिली मी. तो गाव नाही इचारत."

मी ख्रिस्ती झालो नाही. 'तू ख्रिस्ती हो' असं तिनं मला कधी म्हटलंही नाही. हे लिहितो, कारण काही लोकांना वाटत होतं की ती मला बाटवायला बसली आहे. ती मला फक्त अभ्यासाला बसवायची. दर रविवारी उपासनेनंतर मी बोर्डिंगच्या ओसरीवर जायचो. ती ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढायची आणि विचारायची, "या हप्त्यात काय नवं उगवलं?" पुस्तकातलं सांगितलं की मान हलवायची. "हे पुस्तकात उगवलं. तुह्यात काय?" तिचं म्हणणं असं की देव माणसाला एका वाफ्यात राहू देत नाही, आणि जो जागा बदलतो तो मुळाशी माती ठेवूनच उचलतो. हे तिनं कुठल्या प्रवचनातून घेतलं नव्हतं. तिची जागा आयुष्यभर कोणी ना कोणी बदलतच होतं, त्यातून ते आलं होतं.

तिला सगळं सोपं गेलं असं नाही. बोर्डिंग चालवणाऱ्या जुन्या मडम विलायतेला परतल्या आणि मावशीला अकोल्याला पाठवलं, तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. अमरावतीचा मळा तिनं हातानं उभा केला होता. अकोल्यात जठारपेठेकडच्या बोर्डिंगचं अंगण म्हणजे नुसता मुरूम. वर तिथे मेट्रनबाईनं बायकांची उपासना चालवायची रीत. हिला चारचौघांत बोलायची धास्ती. पहिल्या बुधवारी उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. एका म्हातारीनं मागून टोमणा मारला, "बसा आता, बाई. देवाले मुक्याचंबी कळते." मावशी बसली. पण पुढच्या बुधवारी पुन्हा उभी राहिली, त्याच्या पुढच्याही. मी गेलो तेव्हा ती त्या मुरमात कुदळ मारत होती, आणि सांगितलं तर खोटं वाटेल, कुदळीच्या तालावर प्रार्थना पाठ करत होती. मी हसलो. "हास," ती म्हणाली, "तू नापास झालता तवा मी हासली व्हती का?" दुसऱ्या वर्षी त्या अंगणात वांगी होती आणि ती टोमणा मारणारी म्हातारी बुधवारी सगळ्यांत पुढे बसत होती.

आता त्या मडक्याचं सांगतो. ख्रिस्ती बायकांत एक रीत आहे. स्वयंपाकाला बसण्याआधी घरातल्या धान्यातून एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. मडकं भरलं की देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये न्यायचं, ते गरजवंताच्या घरी जातं. मावशीच्या खोलीत चुलीशेजारी असं एक मडकं होतं, गळ्याशी टवका उडालेलं. ती एकटी राहायची, पण रोज दोन मुठी टाकायची. मी विचारलं, एकट्या बाईच्या दोन मुठी काहून?

"एक माही. एक आक्काची."

"माय तर तुझं नावही घेत नाही."

"तिनं माह्या नावाची आंघोळ केली नं? करू दे. मी तिच्या नावाची मूठ टाकतो. तिनं मले मेली म्हटलं म्हणून मी तिले मेली म्हणू का?"

हे ती चिडून बोलली नाही. भाजीत मीठ किती, हे सांगावं तसं बोलली.

माझं मावशीकडे जाणं मायला ठाऊक होतं. तिनं कधी विचारलं नाही. सुट्टीत घरी गेलो की एवढंच म्हणायची, "तिकडे सगळे बरे हायेत?" तिकडे माझं दुसरं कोणीच नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मी म्हणायचो, बरे आहेत. वडील गेल्यापासून घरात काका मोठे. त्यांच्यासमोर याहून जास्त बोलायची सोय नव्हती.

मागच्या दिवाळीत माय जात्यावर बसली होती. ज्वारीची मूठ जात्यात पडताना पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दोन मुठींचं सगळं सांगितलं. मायचा हात खुंट्यावर थांबला.

"रोज?"

"रोज."

तिनं पुढचं दळण पुरं केलं. मी अमरावतीला निघालो तेव्हा छकड्यापर्यंत आली आणि बैलाच्या शिंगाला हात लावून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाताळ झाल्यावर कांद्याची लावणी हाय. हात कमी पडते. तिले म्हण, ये."

मी तसाच अकोल्याला गेलो. मावशी ऐकून खाली बसली. वांग्याच्या वाफ्यात, ओल्यात. नंतर तिनं जे केलं ते मी विसरणार नाही… तिनं खुरपं मागून घेतलं आणि दगडावर धार लावायला सुरुवात केली. लावणीला अजून किती अवकाश होता!

म्हणून त्या तारेचा अर्थ मला लागेना. इतकी वर्षं थांबलेली बाई दोन दिवसांसाठी कशी जाते? मी पोस्टात जाऊन उलट तार केली: थांबा, बहीण येते. आणि सायकलीवर बसून भातकुलीचा रस्ता धरल्यावर मला उमगलं की बहीण येईल का, हे मी बहिणीला विचारलेलंच नाही.

माय मळ्यात होती. वाफे बांधून तयार होते, रोपांच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. मी एकटा आलेला पाहून ती म्हणाली, "आजच कसा आला? शनवारी येनार व्हते नं तुमी?" मी सांगितलं. ती उभीच राहिली. काका बांधावरून आले, त्यांनी ऐकलं. वाईट माणूस नाहीत ते, रीतीचे माणूस आहेत. हळूच म्हणाले, "वयनी, तिची आंघोळ कवाच झाली. मेलेल्याचं दोनदा सुतक नसते."

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "नका धरू सुतक. मी माह्या बहिणीले पायाले चालली. तिले ये म्हणून सांगतलं व्हतं, तेच नाही आली तं मी जातो." आणि चिखलाच्या पायांनीच छकड्यात बसली.

अकोल्याला बोर्डिंगच्या मुली फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी मायला पाहिलं आणि एकदम गलका थांबला; नाक तेच ना. मावशी सकाळी अंगणात बाकावर बसली होती, एका मुलीला वेणीसाठी हाक मारली आणि मुलगी येईपर्यंत संपली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. खोलीत तिची वळकटी बांधून तयार होती. शनिवारची. दोरीत वरच्या बाजूला ते धार लावलेलं खुरपं खोचलेलं. मी ते पाहिलं आणि बाहेर आलो. माय आत राहिली. आत ती काय बोलली मला माहीत नाही. मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंही.

कबरस्तानात पेटीवर माती लोटताना पाळकसाहेबांनी मायला पुढे बोलावलं. मूठभर माती टाकून ती मागे सरली आणि परत बोर्डिंगात आल्यावर सरळ विहिरीकडे चालू लागली. म्हणाली, आंघोळीला पाणी द्या. पाळकसाहेबांनी अदबीनं सांगितलं की बाई, आमच्यात ही रीत नाही, त्याची गरज नाही.

"तुमच्यात नसंन, सायेब. माह्यात हाय," माय म्हणाली. "मांगं तिच्या नावानं आंघोळ केली तवा ते जिती व्हती. ते खोटी झाली. आता तरी खरी करू द्या."

पाळकसाहेब बाजूला झाले. मुलींनीच पाणी ओढलं. पौषातलं पाणी. मायचे दात वाजत होते, पण या वेळी तिचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. ती टोमणेवाली म्हातारी कोरडं लुगडं घेऊन उभी होती.

मला अजून यातलं काही पचलेलं नाही. मावशी असती तर विचारलं असतं, या हप्त्यात काय उगवलं? काही नाही, मावशी. मान टाकून पडलो आहे. तू पाणी द्या अन् थांबा म्हणायचीस, थांबलो आहे. तुझ्या प्रभूचा मला राग येतो, आणि तुझ्यामुळेच त्याच्याशी बोलायची सवय लागली म्हणून तो रागही त्यालाच सांगतो. शनिवारपर्यंत थांबता येत नव्हतं का, असं विचारतो. उत्तर येत नाही. तरी विचारणं सुटत नाही.

मागच्या रविवारी भातकुलीला गेलो. कांद्याची लावणी उशिरा झाली, पण झाली. रोपांनी मूळ धरलं आहे. अकोल्याहून निघताना मायनं मावशीच्या वस्तूंतलं एकच मागून घेतलं होतं, ते टवक्याचं मडकं. आता ते आमच्या जात्याशेजारी आहे. काका येता जाता त्याच्याकडे पाहतात आणि त्याला वळसा घालून जातात. मी बसलो होतो, तेव्हा मायनं दळणाची ज्वारी काढली, एक मूठ मडक्यात टाकली, मग दुसरी टाकली आणि वरून हात फिरवून पाहिलं.

"भरत आलं रे," ती म्हणाली. "भरल्यावर हे कोनाकडे नेऊन द्याचं असते? तू विचारून ये. तिच्या देवळात विचार."