आधी चूल दाखवा

"आधी चूल दाखवा."

संस्थेच्या दारात जीप थांबली की बाईंचं पहिलं वाक्य हे. हार घेऊन उभी असलेली मंडळी हार तसाच हातात धरून मागे धावायची. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ओळीने उभे असायचे आणि बाई त्यांच्यासमोरून न थांबता थेट मागच्या अंगाला जायच्या. स्वयंपाकघर कुठे असेल ते त्यांना कुणी सांगावं लागत नसे. चुलीपुढे उकिडव्या बसायच्या, राखेवर तळहात धरायच्या, पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, "कल बच्चों ने क्या खाया?" उत्तर स्वयंपाकिणीने द्यायचं. अध्यक्षांनी तोंड उघडलंच तर बाई नुसता हात वर करायच्या, आणि ते तोंड मिटायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपण उगाचच पदर सारखा करतो. बाई तशा होत्या. लष्करी इस्पितळांत परिचारिका म्हणून उभा जन्म गेलेला, मेजर होऊन निवृत्त झालेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न केलं नव्हतं. शेवटची नेमणूक जयपूरला होती, ती संपल्यावर इथेच राहिल्या. मुंबईच्या एका उद्योगपती घराण्याचा धर्मादाय न्यास होता, त्याचं राजस्थानचं काम त्यांच्याकडे आलं. सगळे त्यांना 'मेजर मॅडम' म्हणत. मी एकटी 'बाई' म्हणायची, कारण मी भुसावळची आणि त्या साताऱ्याच्या, आणि त्या ऑफिसात मराठीत भांडता येईल असं दुसरं कुणी नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझे यजमान रेल्वेत, बदली होऊन आम्ही जयपूरला आलेलो. तिलक नगरमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर न्यासाचं ऑफिस होतं. तिथे मी टायपिंग करायची आणि पाहणीला जाताना बाईंबरोबर टिपणं घ्यायला जायची.

मदत मागणाऱ्या संस्थांना मुंबईहून ठरवून दिलेले प्रश्न असत. संस्था कधी नोंदवली? कार्यकारिणीत एकाच घरातली माणसं किती? हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घेता का? तुमच्यावर देखरेख कोणाची? आणि शेवटचा, सगळ्यांना घाम फोडणारा प्रश्न : आमची मदत थांबली तर काम कसं चालवाल? याला बहुतेक जण लिहीत, ईश्वर की कृपा से चलेगा. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. "ईश्वराला कार्यकारिणीत घेतलंय का, विचार त्यांना."

या प्रश्नांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "हे कुणीही लिहील," म्हणायच्या. "शहाणा कारकून असला की संस्था आदर्शच असते. चूल लिहून घेता येत नाही." आणि त्यांचं खरंही ठरायचं. एका आश्रमात चकचकीत पातेली मांडून ठेवली होती आणि एकाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. बाईंनी ती नखाने सोलून काढली, सचिवांच्या तळहातावर ठेवली आणि परत जीपमध्ये येऊन बसल्या. मी बिचारी घेवराच्या मिठाईच्या ताटाकडे बघत मागोमाग. पाहणी संपेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही हा त्यांचा नियम, आणि तो मलाही लागू. जयपूरसारख्या गावात पाहुण्याने पाणी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. पण हळूहळू सगळ्या संस्थांना ठाऊक झालं : मेजर मॅडम पाणी पीत नाहीत, फोटोला नमस्कार करत नाहीत, पहिल्यांदा चूल बघतात.

झालान्याच्या बालवाडीचा अर्ज आला तेव्हा मार्च लागला होता. तिथे डोंगराच्या कडेला दगडाच्या खाणी होत्या. बाया दिवसभर खडी फोडायच्या आणि पोरं तिथेच धुळीत, दगडांच्या ढिगाऱ्यांमध्ये. आधीच्या वर्षी एक चालायला लागलेलं पोर कड्यावरून घसरून गेलं होतं. त्यानंतर विमलाजी नावाच्या एका शिक्षिकेने खाणीपासून जवळ दोन खोल्या घेऊन बालवाडी काढली. पोरांनी दिवसभर तिथे राहायचं, दुपारी गरम खिचडी खायची, झोपायचं. तिला पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याने आता हात आखडता घेतला होता. महिनाअखेरीला भाडं थकलं की खोल्या जाणार होत्या आणि पोरं पुन्हा कड्यावर.

बाई मला घेऊन आधी एकदा न सांगता जाऊन आल्या होत्या. चूल गरम होती. परत येताना जीपमध्ये त्या चक्क गुणगुणत होत्या, त्यावरून मी काय ते ओळखलं. पण मुंबईहून न्यासाचे सेक्रेटरी येणार होते आणि मंजुरी त्यांच्या हातात होती. दिवस त्यांनीच ठरवला. पत्राचा मजकूरही त्यांचाच : पाहणीच्या वेळी मुलांना गरम जेवण वाढताना पाहिलं जाईल. खाली सही बाईंची.

त्या दिवशी सकाळी मी निघत होते, तर आमच्या क्वार्टर्समधली शेजारीण थाळी घेऊन दारात. थंड पुऱ्या, ताक-बाजरीची थंड राबडी, कालची भजी. "आज बास्योड़ा है ना," ती म्हणाली. "शीतला माता का दिन. आज घर में आग नहीं जलती." होळीनंतर आठवड्याने येणारा हा सण. आदल्या दिवशी रांधायचं, त्या दिवशी चूल थंड ठेवायची आणि मातेला थंड नैवेद्य दाखवायचा, म्हणजे पोरांना गोवर-कांजिण्या होत नाहीत. आणि आमच्या पत्रात गरम जेवण मागितलेलं. मी थाळी तशीच ठेवून पळत सुटले.

जीपमध्ये सेक्रेटरी पुढे बसले होते, बाई मागे. मी बाईंच्या कानाशी लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओठ घट्ट मिटले. इतकी वर्षं जयपुरात काढून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या घरी ना सण ना वार. मग त्यांनी पुढे वाकून स्पष्ट सांगितलं, "साहेब, आज गरम जेवण असणार नाही. सण आहे. उद्या येऊ."

"माझं संध्याकाळचं विमान आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आपण पत्र पाठवलंय. मुलांना सण असला तरी भूक लागतेच ना?"

मी मनात म्हणत होते, चूल थंड असू दे, विमलाजी नीट समजावून सांगतील, बाई तोलून धरतील. तेवढ्यात झालान्याचं वळण आलं आणि बालवाडीच्या छपरावर धूर दिसला.

"गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. पण ड्रायव्हरने थांबवेपर्यंत आम्ही फाटकापाशी पोचलो होतो.

फाटकाबाहेर खाणीवरच्या बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कडेवर पोर, एखादीच्या हाताला दुसरं. एकही आत जात नव्हती. कुणी ओरडत नव्हतं, त्यामुळे जास्तच भीती वाटली. अंगणात स्वयंपाकीण रामप्यारी आमच्याकडे पाठ करून बसलेली. आत विमलाजी एकट्या, घामाने निथळत, खिचडी ढवळत होत्या. सतरंजीवर ताटल्या मांडलेल्या आणि पोर एकही नाही.

"मुलं कुठे आहेत?" सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघत विचारलं.

बाई चुलीकडे न जाता दारातच थांबल्या. "विमलाजी, आज आग क्यों जलाई?"

विमलाजींनी पळा पातेल्यात तसाच सोडला. "चिट्ठी में लिखा था, गरम खाना. और आप... आप ही तो सबसे पहले चूल्हा देखती हैं, मैडमजी. मैंने सोचा, इन औरतों के आने से पहले पका लूँगी, किसी को पता नहीं चलेगा. धुआँ दिख गया."

बाईंचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. आजवर त्यांनी भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलं होतं. इथे एका सरळ बाईने त्यांच्या धाकाने असं काही केलं होतं की गावातली कुठलीही आई त्या दिवशी ते करणार नाही. त्यांना ते मिनिटाभरात कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला.

त्या वळल्या आणि फाटकाशी गेल्या. हात जोडले. बाईंनी कुणापुढे हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"गलती हमारी है," त्या म्हणाल्या. "चिट्ठी पर दस्तखत मेरे हैं. इनका कसूर नहीं. बताइए, अब क्या करना होगा?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक वयस्क बाई पुढे झाली. तिच्या कडेवरचं पोर तिच्या मुलीचं असावं. ती म्हणाली, "आग ठंडी करो. चूल्हो धोओ. फेर जिकी वजह सूं आग जळी, वा माता कै थान पर जार माफी माँगै. म्हारा टाबर जद ही भीतर आसी." आग विझवा, चूल धुवा, आणि जिच्यामुळे ती पेटली तिने मातेच्या ठाण्यावर जाऊन माफी मागावी, मगच आमची पोरं आत येतील.

विमलाजी पुढे सरसावल्या. बाईंनी त्यांना मागे सारलं.

सेक्रेटरी माझ्याशी कुजबुजले, "या मेडिकलच्या आहेत ना?" मी हो म्हटलं. देवीच्या साथीत याच बाईंनी वॉर्डांतून रात्रंदिवस काम केलं होतं, आणि अंगारेधुपारे करत बसलेल्यांना कसं हाकलून लावलं ते त्या मला मोठ्या चवीने सांगत.

त्याच बाईंनी पाण्याची बादली उचलली आणि चुलीत ओतली. राखेचा लोट उठला, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर बसला. मग चपला काढून त्या अनवाणी निघाल्या. तिथे खडीवर चालणं म्हणजे काय ते चालून बघावं. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. म्हातारीने दिलेली थंड राबडी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली, लोटाभर पाणी वाहिलं आणि खाली वाकल्या. त्यांनी काय मागितलं ते मला ठाऊक नाही. उठताना गुडघ्याला हात लावून उठल्या.

परतताना त्यांच्यामागे सगळ्या बाया होत्या. पोरं आत आली. बायांनी आपापल्या घरून आणलेल्या शिळ्या पुऱ्या आणि राबडी ताटल्यांतून वाढली. म्हातारीने एक ताटली बाईंपुढे केली. पाहणी अजून संपली नव्हती. बाई पोरांच्या ओळीत मांडी घालून बसल्या आणि जेवल्या. मग मीही बसले. सेक्रेटरी दारात उभेच राहिले.

परतीच्या वाटेवर त्यांनी तोंड उघडलं. "तुम्ही आज संस्था तपासलीत की पूजा केलीत?"

"संस्थाच तपासली," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर देखरेख कोणाची, असं आपण विचारतो ना? आज ती कमिटी फाटकाबाहेर उभी होती. पटलं नाही तर पोर उचलून नेणारी. अशी कमिटी मी राजस्थानात दुसरी पाहिली नाही."

"न्यास अंधश्रद्धेला पैसे देत नाही. गरम जेवण मी पाहिलं नाही. मला तसं लिहावं लागेल."

"लिहा. मीही लिहिते. आणि गरम जेवण होतं, साहेब. ते आपण वाया घालवलं."

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाई ऑफिसात यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि फोनकडे बघत राहायच्या. माझ्या टायपिंगच्या चुका काढेनात, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली. विमलाजींचा निरोप आला की घरमालक खोल्या बघायला नवीन भाडेकरू आणतोय. बाईंनी निरोप ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

मग एकदाचा मुंबईचा ट्रंक कॉल लागला. बाई उभ्या राहून बोलत होत्या, मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो... बोलतेय... हो. एक वर्ष? पूर्ण रक्कम?... बरं. आभारी आहे." मग त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "हो, ऐकतेय... तटस्थ राहिले नाही, हे मान्य आहे मला... नाही, तक्रार नाही... महिनाअखेरीपर्यंत. ठीक आहे."

रिसीव्हर ठेवून त्यांनी पदराने चेहरा पुसला. मी उठून उभी राहिले होते.

"बालवाडीला मिळाले," त्या म्हणाल्या. "जीप आहे का खाली? आत्ताच जाऊन सांगू. ती बाई जेवत नसेल."

"आणि तुमचं, बाई?"

"माझं काय. मी पेन्शनर." आणि जिना उतरायला लागल्या. मी जागेवर उभी राहून रडले, ते त्यांनी पाहिलं नाही हे बरं झालं, ओरडल्या असत्या.

महिनाअखेरीला त्या साताऱ्याला गेल्या. भावाकडे. पुन्हा जयपूरला आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी नवे अधिकारी आले. तरुण, सभ्य, हार घालून घेणारे. त्यांच्याबरोबर मी झालान्याला गेले तेव्हा दुपार झाली होती. जेवणं आटोपून पोरं सतरंजीवर ओळीने झोपली होती. अधिकारी विमलाजींना हळू आवाजात ठरलेले प्रश्न विचारत होते, मी लिहून घेत होते. इतक्यात डोंगरावर खाणीत शिट्टी झाली आणि पाठोपाठ सुरुंग उडाला. भिंत हादरली, खिडकीच्या काचा वाजल्या, नव्या साहेबांच्या हातातला कप कलंडला.

ओळीतल्या एका मुलीने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, कूस बदलली आणि शेजारच्या पोराच्या पोटावर पाय टाकून पुन्हा झोपली. बाकीच्यांची तर झोपही मोडली नाही.