शेळीच्या केसातलं शिसं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कारखान्यांना लागून असलेल्या पावणे गावातल्या शेळ्यांचे केस गोळा करत हिंडायचे. केसावर लेझरचा झोत मारला की बारीकशी ठिणगी उडते, आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून केसात कुठले धातू आहेत ते यंत्र स्क्रीनवर रेघा काढून दाखवतं. पाच महिने मला कॅल्शियमशिवाय धड काही दिसलं नव्हतं.

गावातल्या एका काकूंकडे चार शेळ्या होत्या. माझ्या हातातली कात्री बघून त्या म्हणाल्या, "केस कनाला पायजेत तुला? गंगावन करतेस का?" मला इतकं हसू आलं की शेळीच बिथरली. कसेबसे शेपटीचे चार केस मिळाले.

लॅबमध्ये त्यातल्या काळ्या शेळीच्या केसावर झोत मारला आणि स्क्रीनवर एक नवी रेघ ताठ उभी राहिली. शिसं! मी किंचाळले. माझ्या गाइड मॅडम धावत आल्या. "आधी केस नीट धू," एवढंच म्हणाल्या. तीनदा धुतला, रेघ हलेना. मग आमच्या कडक मॅडमनी चक्क मला मिठी मारली. दोघींचे गॉगल एकमेकींवर आपटले आणि आम्ही खुळ्यासारख्या हसत सुटलो.

जिना उतरताना मात्र डोक्यात प्रकाश पडला. अगं, शिसं त्या शेळीच्या अंगात आहे!

तशीच रिक्षा करून गावात गेले. घरामागे टेम्पोची एक फुटकी बॅटरी पडली होती आणि शेळी तिच्यावरची पांढरी पूड चवीनं चाटत होती.

"रोज चाटते," काकू म्हणाल्या. "मना वाटलं मीठ लागतंय तिला."

बॅटरी त्याच दिवशी हलवली. शेळी गुरांच्या डॉक्टरांना दाखवली, तिचं दूध पिणं बंद केलं. काकूंचंही रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं. तीन महिन्यांनी शेळीचा मुळाशी उगवलेला नवा केस तपासला, तर ती रेघ जवळजवळ जमिनीला टेकलेली. मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले.

बातमी सांगायला गेले तर आळीतले लोक दारात जमले. कुणी म्हैस आणली, कुणी कुत्रा. एका बाईंनी मांजर माझ्या मांडीत टाकलं आणि आपली वेणी पुढे केली, "हिचं झालं का माजं पन बघ."

मी कात्री काढली.